वेब्स्टर स्ट्रीटवरची शाळा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून सुटलेली 'बार्ट' या लोकल रेल्वेची गाडी ओकलंडच्या हद्दीत शिरली, की खिडकीबाहेरचं सगळं बदलतं. हिरवळीची अंगणं आणि दोन-दोन मोटारींची गॅरेजं मागं पडतात. गोदामं, गंजलेले कंटेनर, रुळांकडे पाठ करून उभी असलेली जुनी लाकडी घरं आणि दिसेल त्या भिंतीवर रंगवलेली चित्रं सुरू होतात. फ्रूटवेल स्टेशनवर दप्तरं घेतलेली मुलं चढली. माझ्यासमोर उभ्या असलेल्या दोन मुली आपसात बोलत होत्या. ती भाषा स्पॅनिश नव्हती, एवढं मला कळलं. घशात अडून मग फुटणारे आवाज होते.

"मावशी, ही माम," भाची हळूच म्हणाली. "ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या माया लोकांची भाषा. स्पॅनिशसुद्धा या मुली बहुतेक शाळेत जाऊनच शिकल्या असणार. आणि आता इंग्रजी."

२०१८ चा ऑक्टोबर होता. भाची फ्रीमाँटला राहते आणि शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घ्यायला ओकलंडच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये जाते. तिथं फक्त नुकतीच अमेरिकेत आलेली मुलं घेतात, असं तिच्याकडून ऐकल्यापासून मला ती शाळा बघायची होती. मुंबईत महापालिकेच्या शाळेत माझं उभं आयुष्य गेलं. आठ भाषांमधून शाळा चालवणारी महापालिका ती. तरीही दिवाळीनंतर कलबुर्गीहून नाहीतर महबूबनगरहून बांधकामावरच्या आईबापांबरोबर आलेलं एखादं पोर माझ्या वर्गाच्या दारात उभं राहायचं. जवळपास त्याच्या माध्यमाची शाळा नसायची. त्याची भाषा मला यायची नाही, माझी त्याला. चार महिन्यांनी काम संपलं की ते निघून जायचं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढं रेघ ओढताना मला अपराधी वाटायचं. त्यामुळे गोल्डन गेट पुलापेक्षा मला या शाळेची ओढ जास्त होती.

मॅकआर्थर स्टेशनवर उतरून आम्ही टेलिग्राफ ॲव्हेन्यूला लागलो. या भागाला टेमेस्कल म्हणतात. इथिओपियन आणि इरिट्रियन खानावळी ओळीनं आहेत, सकाळीच भाजलेल्या कॉफीचा वास रस्त्यावर येतो. त्यांच्यामध्ये महागडी केशकर्तनालयं आणि हातानं बनवलेल्या आइस्क्रीमची दुकानं घुसली आहेत. घरभाडी इतकी चढलीत, की शाळेतली मुलं या वस्तीत राहूच शकत नाहीत. ती पूर्व ओकलंडमधून, फ्रूटवेलमधून, दोन-दोन बस बदलून येतात. उजवीकडे वळून थोडं चाललं, की वेब्स्टर स्ट्रीटवर ओकलंड इंटरनॅशनल हायस्कूलची बैठी इमारत दिसते. बाहेरून बघितलं तर कुठलीही सरकारी शाळा असावी तशी: जाळीचं कुंपण, डांबरी पटांगण, कडेला भाजीचे वाफे.

शाळा २००७ मध्ये सुरू झाली. साधारण चारशे मुलं, तीसेक देशांतून आलेली आणि तितक्याच भाषा बोलणारी. तिचा घाट मात्र त्याहून जुना आहे. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, एरिक नाडेलस्टर्न या मुख्याध्यापकांनी अशी पहिली शाळा उभी केली. नवागत मुलांना आधी नुसतं इंग्रजी शिकवायचं आणि ते आलं की मग विज्ञान-गणिताकडे न्यायचं, ही रीत तिथं बाजूला ठेवली गेली. विषय शिकता शिकता भाषा येते, आणि विज्ञानाचा शिक्षकही भाषेचा शिक्षक असतो, असं मानून ती शाळा चालली. तशा शाळा वाढत गेल्या आणि २००४ मध्ये त्यांची एक संस्था झाली. ओकलंडची शाळा त्याच कुळातली.

कार्यालयात नाव लिहून छातीवर पाहुण्यांची चिठ्ठी चिकटवली. एक बाई मुलाला दाखल करायला आल्या होत्या. शेजारी टोपी डोळ्यांवर ओढलेला, मिसरूड फुटलेला मुलगा. दुभाषा फोनवर होता. माझं जुनं कुतूहल जागं झालं. आमच्याकडे दाखल करताना जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, मग जनरल रजिस्टरला नोंद. इथं काय मागतात? राहण्याचा पुरावा, वय दाखवणारं काहीतरी, लसीकरणाची नोंद. व्हिसा? कार्यालयातल्या बाईंनी ठाम मान हलवली. ते विचारतच नाहीत. मूल देशात कसं आलं याच्याशी शाळेचा संबंध नाही.

या नकारामागं मोठी लढाई आहे. १९७५ मध्ये टेक्सास राज्यानं कायदा केला, की कागदपत्रांविना राहणाऱ्या मुलांसाठी शाळांना सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावानं १९७७ मध्ये अशा मुलांवर वर्षाला एक हजार डॉलर फी लावली. चार मेक्सिकन कुटुंबं न्यायालयात गेली. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली. तिथूनच हद्दपारी झाली तर असावं म्हणून ही माणसं सामान मोटारीत भरून आली होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल लागला: आईबापांनी सीमा कशीही ओलांडली असो, मुलाला शाळा नाकारता येणार नाही. 'प्लायलर विरुद्ध डो' म्हणून हा निकाल ओळखला जातो. एका मतानं तो उलटा गेला असता.

आत आलेल्या मुलाला वर्गात काय मिळायला हवं, याबद्दलचा दुसरा निकाल तर खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथल्या शाळांत चिनी बोलणारी सुमारे अठराशे मुलं इंग्रजी वर्गांत कुठलीही मदत न देता बसवली होती. १९७४ मध्ये 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. शिकवलेलं कळतच नसेल तर त्या मुलाला शिक्षण मिळालेलं नाही. हे मी भाचीकडून ऐकलं तेव्हा माझ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून राहिलेल्या कितीतरी मुलांचे चेहरे आठवले. पट भरलेला असायचा, आणि आम्ही सगळे त्यावर समाधानी असायचो.

मला विज्ञानाच्या वर्गात बसायला मिळालं. विषय भूकंपाचा होता आणि त्याला कारणही होतं. ओकलंडच्या टेकड्यांच्या पायथ्यानं हेवर्ड नावाची भ्रंशरेषा जाते. बर्कली विद्यापीठाचं फुटबॉलचं स्टेडियम तिच्यावरच उभं आहे, आणि माझ्या भाचीचं फ्रीमाँटही तिच्याच वाटेवर. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी ती हलली तेव्हा मोठी पडझड झाली, आणि त्या भूकंपाला त्याच महिन्यात दीडशे वर्षं होत होती. साधारण तेवढ्याच काळानं ती पुन्हा हलते असा अभ्यासकांचा हिशेब आहे, म्हणजे ही मुलं जिथं नव्यानं मुळं धरताहेत ती जमीनही स्वस्थ नाही.

शिक्षिका फार थोडं बोलल्या. फळ्यावर चित्रं, भिंतीवर अर्धी वाक्यं लिहिलेली – "मला वाटतं की…", "याचं कारण असं की…" – पुढचं मुलांनी पूर्ण करायचं. चौघाचौघांचं एक टेबल, आणि एका टेबलावर शक्यतो एका भाषेची चौघं नाहीत. मी बसले त्या टेबलावर एक माम बोलणारी मुलगी, थायलंडच्या निर्वासित छावणीत जन्मलेली, मूळच्या म्यानमारच्या कारेन लोकांतली मुलगी, एक येमेनी मुलगा आणि एक नेपाळी बोलणारा मुलगा. या नेपाळी मुलाचे आईवडील भूतानमधून हाकलले गेलेल्या ल्होत्शम्पा लोकांपैकी; तो स्वतः पूर्व नेपाळात झापा जिल्ह्यातल्या छावणीत वाढलेला. स्पंजाचे दोन ठोकळे एकमेकांना घासत ढकलायचे, वर ठेवलेली कागदी घरं कशी पडतात ते बघायचं आणि का पडतात ते चौघांनी मिळून इंग्रजीत लिहायचं, असं काम होतं.

येमेनी मुलाला लिहिणं जड जात होतं. युद्धामुळे त्याची कितीतरी वर्षं शाळेविना गेली होती. पण ठोकळे त्यानंच नीट कापले, आणि दाब वाढत जाऊन एकदम सुटतो हे ठोकळे हाताळताना आधी त्याच्याच लक्षात आलं. कारेन मुलीनं त्याचे हात बघून शब्द शोधले. माम मुलगी स्पॅनिशमध्ये पलीकडच्या टेबलाला विचारून एक शब्द घेऊन आली. वाद झाला, हातवारे झाले, दोनदा खोडलं गेलं, शेवटी कागदावर तीन वाक्यं उतरली. त्यांतल्या व्याकरणाच्या चुका शिक्षिकेनं तेव्हा दुरुस्त केल्या नाहीत. "पडलं का?" एवढंच विचारलं, "मग का पडलं?" मुलांनी सांगितलं.

नेपाळी मुलानं वहीच्या समासात आपल्यापुरतं देवनागरीत काही टिपलं होतं. 'भूकम्प' हा शब्द मी मोठ्यानं वाचला, तसा तो खुर्चीतून अर्धा उठलाच. बाकीचे तिघं माझ्याकडं बघायला लागले. मग त्यानं सांगितलं, २०१५ साली जमीन हलली तेव्हा छावणीतली बांबूची घरं कशी डोलली ते. माम मुलीच्या गावाकडं, ग्वाटेमालातल्या सान मार्कोसमध्ये, २०१२ च्या नोव्हेंबरात मोठा भूकंप झाला होता. तेव्हा ती लहान होती, शेजारचं मातीच्या विटांचं घर बसलेलं तिला आठवत होतं. "मिस, तुमच्याकडे?" तिनं मला विचारलं.

मी किल्लारीबद्दल सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाट, आदल्या रात्रीपर्यंत गणपती विसर्जन झालेलं, दगडमातीची माळवदाची घरं, आणि झोपेतच गाडली गेलेली हजारो माणसं. कारेन मुलीनं विचारलं, मुलांचं काय झालं? मी सांगितलं, की भारतीय जैन संघटनेनं तिथली बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला नेली, तिथं त्यांची राहण्याची आणि शाळेची सोय केली. "घरापासून लांब," ती म्हणाली. हो, लांब. तिनं मान हलवली आणि पुन्हा स्पंजाकडे वळली. मला एवढ्या मोजक्या इंग्रजीत इतकं खरं संभाषण आधी कधी करावं लागलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत पटांगणावर फुटबॉल सुरू झाला. 'सॉकर विदाउट बॉर्डर्स' ही संस्था ओकलंडमध्ये अशाच मुलांबरोबर काम करते. इंग्रजीचा एक शब्द न येणारा मुलगाही पहिल्या दिवशी खेळू शकतो, हे तिच्या कामाचं मूळ. कडेला एक उंच, शांत मुलगा बसला होता, इरिट्रियाचा. भाचीची त्याची ओळख होती. त्याच्या देशात बारावीचं वर्ष सावा नावाच्या लष्करी तळावर काढावं लागतं, आणि तिथून सक्तीची राष्ट्रसेवा, जिला शेवट नाही. त्याचा थोरला भाऊ तिथं गेला तो गेलाच. म्हणून बारावीच्या आत आईनं याला बाहेर काढलं. आता तो इथं बारावीत होता. "मला बारावी आवडते," तो म्हणाला. एवढंच. मी त्याला पुढं काही विचारलं नाही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, शाळेत आलं की सुटलं. तसं नाही. २०१४ या एका आर्थिक वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ६८ हजारांहून अधिक एकटी मुलं पकडली गेली, बहुतेक ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोरची; त्यांतली पुष्कळ या शहरात नातेवाइकांकडे आली. लॉरेन मार्कहॅम या लेखिकेनं याच शाळेत काम करताना पाहिलेलं जग 'द फार अवे ब्रदर्स' या २०१७ च्या पुस्तकात मांडलं आहे. त्यात एल साल्वाडोरहून आलेल्या जुळ्या भावांची हकिगत आहे. वाटाड्याला द्यायला घेतलेलं हजारो डॉलरचं कर्ज, त्यावर चढत जाणारं व्याज, गावात गहाण पडलेली जमीन. मुलगा दिवसा शाळेत आणि रात्री हॉटेलच्या मोरीत भांडी घासत असतो. सकाळी टेबलावर डोकं ठेवतो. कधी कोर्टाची तारीख असते. इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही, मूल असलं तरी नाही. काही मुलं दहावी-अकरावीतच गळतात. शाळा त्यांना परत आणायला घरी जाते, मालकांशी बोलते, वकील शोधते, दवाखान्यात पाठवते. तरी सगळी टिकत नाहीत, आणि शिक्षक ते लपवत नाहीत.

येमेनी मुलांची कथा वेगळी. ओकलंडमधली कोपऱ्याकोपऱ्यावरची किराणा दुकानं पुष्कळशी येमेनी लोकांची. बाप आधी येतो, दुकान मांडतो, मुलाला बोलावतो, मग आई आणि बहिणी. जानेवारी २०१७ मध्ये येमेनसह काही देशांच्या लोकांवर प्रवासबंदीचा हुकूम निघाला आणि जून २०१८ मध्ये तिच्या सुधारित रूपावर सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, तेव्हा आया आणि बहिणी तिकडंच अडकल्या. माझ्या टेबलावरच्या मुलाची आई अडकलेल्यांत होती. ठोकळे कापताना तो हसत होता म्हणून मला ते कळलं नव्हतं. भाचीनं नंतर सांगितलं.

या शाळेची एक रीत मला फार आवडली. वर्षातून एकदा शिक्षक मुलांच्या वस्त्यांत पायी जातात, आणि त्या दिवशी वाट दाखवणारी मुलं असतात. कधी येमेनी मशीद, कधी कारेन लोकांचं चर्च, कधी माम कुटुंबाचं एका खोलीतलं घर. मुलं आणि आईबाप बोलतात, शिक्षक ऐकतात, घरी शिजवलेलं जेवतात. आम्हीही वस्तीत जायचो, पण जनगणनेचे नाहीतर मतदारयादीचे कागद घेऊन, दारातूनच पेन चालवत. पोराच्या घरी मांडी घालून बसायला मला कधी कुणी पाठवलं नाही, आणि वेळ काढून आपण होऊन जाणारे शिक्षक आमच्यात थोडेच होते.

एक आक्षेप मी तिथल्या एका शिक्षिकेपुढं ठेवला. नव्या मुलांची वेगळी शाळा म्हणजे वेगळी वस्तीच नाही का? अमेरिकन मुलांत मिसळली नाहीत तर ती अमेरिकेत राहणार कशी? हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. त्या म्हणाल्या, मोठ्या शाळेत ही मुलं मिसळत नाहीत, हरवतात. इथं नेपाळी मुलाला येमेनी मुलाशी बोलायला इंग्रजीवाचून गत्यंतर नसतं, म्हणून तो बोलतो. मला हे पटलं. अमेरिकनांत मिसळणं हे उद्याचं काम आहे. आज वर्गात तोंड उघडण्याची भीती जायला हवी, आणि ती घालवायला ज्याचं इंग्रजी आपल्यासारखंच मोडकं आहे असा शेजारी लागतो. उद्याच्या मिसळण्यासाठी आजचं हे बोलणं खर्ची पडू नये.

त्या भेटीला आता काही वर्षं झाली. ती प्रवासबंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली. पण जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रम थांबवला गेला, आणि शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा जागी इमिग्रेशनच्या कारवाया टाळण्याचा जो दंडक होता तोही रद्द झाला. जून २०२५ मध्ये बारा देशांवर नवी प्रवासबंदी आली. येमेन, इरिट्रिया, म्यानमार, अफगाणिस्तान ही नावं यादीत आहेत. मी बसले होते त्या पटांगणाचा अर्धा नकाशाच त्यात आहे. १९८२ चा निकाल अजून उभा आहे, आणि तो उलटवावा असं उघड म्हणणारे लोकही आहेत. देश कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारच. पण आत आलेलं, पंधरा वर्षांचं, दप्तर घेऊन दारात उभं राहिलेलं पोर हा धोरणाचा नव्हे, शाळेचा विषय आहे. या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

आणि आपल्याकडे कायदा काय म्हणतो, तेही सांगायला हवं, कारण तो पुष्कळांना माहीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात, वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागतो आणि मागं पडलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि बदलीचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. तुमच्या घराशेजारी इमारतीचं काम चालू असेल, वीटभट्टी असेल, उसाच्या फडावर कोप्या पडल्या असतील, तर तिथं दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली मुलगी तुम्ही रोज बघत असाल. तिच्या आईला हे सांगा. जवळच्या शाळेत तिला घेऊन जा, मुख्याध्यापकांना भेटा, आणि दाखला नाही किंवा वर्ष निम्मं सरलं असं त्यांनी म्हटलं तर कायद्याचं पाचवं, चौदावं आणि पंधरावं कलम वाचून दाखवा.